शय्यादानात गेलेली कॉट

आजारी माणसांचं सामान मोफत वापरायला द्यायचं काम मी सुरू केलं, ते कुणाचं भलं करावं म्हणून नाही. घरातली एक कॉट मला डोळ्यांसमोर नको होती आणि डोळ्यांआडही नको होती. त्यातून हा सगळा उद्योग उभा राहिला.

कॉट माझ्या बायकोची. हातापायांतली ताकद हळूहळू संपत जाते असा आजार तिला झाला होता. आधी हातातून वाटी सुटायला लागली, मग जिना बंद झाला, मग उठून बसणं बंद झालं. बारामतीत भिगवण रस्त्याला माझं बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. पाना, पक्कड आणि पाईप यांत माझी उमर गेली. त्यामुळे दवाखान्यात असते तशी, हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर घेता येणारी कॉट घरी आणली तेव्हा ती मला पहिल्याच दिवशी अपुरी वाटली. तिला कुशीवर वळायचं असे आणि धरायला काही नसे. मी अर्ध्या इंची पाईप वाकवून एक दांडी केली आणि क्लॅम्प लावून कॉटच्या उजव्या अंगाला बसवली. लोखंड गार लागतं म्हणाली, म्हणून तिच्याच जुन्या मोरपंखी सुती साडीची लांब पट्टी फाडून दांडीला गुंडाळली. पुढं पुढं तिच्या अंगात जी काही ताकद उरली होती, ती सगळी त्या दांडीवर खर्च व्हायची. चार बोटं पट्टीत रुतायची, पांढरी पडायची, आणि ती माझ्याकडे बघायची. वळले की नाही?

मी याद्या करणारा माणूस आहे. दुकानात कामांचा फळा असतो तसा घरीही लावला होता. औषधं, कूस बदलणं, पाठीला पावडर, केस धुण्याचा वार. वेणी घालायला मी युट्यूबवर शिकलो. माझी वेणी पाहून ती म्हणायची, "ही वेणी नाही, स्टार्टरची वायर आहे." तोंडातले शब्द जायला लागल्यावर ही थट्टाही गेली.

ती गेल्यावर फळा पुसला, पण अंगाला ते वेळापत्रक लागलेलं होतं. ठरल्या वेळी मी दुकानातून घरी यायचो, पुढच्या खोलीत कॉटपाशी वाकायचो. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. हात गादीला लागायचे आणि मग मला कळायचं की आपण काय करतोय. कुणी बघितलं असतं तर धरून दवाखान्यात नेलं असतं. आक्कानं बघितलं. माझी ही थोरली बहीण इंदापूरला असते, ती दिवस करायला आली ती राहिलीच होती.

"काढ ही कॉट हितनं," ती म्हणाली. "नाही तर तूही हिच्यावरच मरशील."

"कुठं काढू?"

"दे कुणाला तरी. बारामतीत आजारी माणसांचा काय दुष्काळ पडलाय?"

"देणार नाही."

"मग मांड कॉटचं दुकान आणि बस राखत."

ती टोमणा मारून चहा ठेवायला गेली. मी तिथंच पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहायला बसलो. व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी, एवढं तर घरातच होतं. दुकानामागं जुन्या मोटारींनी भरलेली खोली होती, ती रिकामी होण्यासारखी होती. गिऱ्हाइकांचे नंबर होते. एकेकाला फोन केला. आणि काय सांगू, घराघरांत माळ्यावर हे सामान पडलेलं निघालं. गेलेल्या माणसाची वस्तू लोकांना घरात नको असते आणि ती भंगारात घालायचा हातही होत नाही. लोक मोटारसायकलवर कुबड्या बांधून घेऊन आले. एकानं उसाच्या रिकाम्या ट्रॉलीतून कॉट आणून टाकली आणि मागं न बघता निघून गेला.

सुरुवातीच्या दिवशी आक्कानं नारळ फोडला, साखर वाटली. एक जुनं गिऱ्हाईक इकडंतिकडं बघत म्हणालं, "शेठ, फ्लेक्स कुठाय?"

"लावला नाही."

"फ्लेक्स न्हाय, हार न्हाय, फुडारी न्हाय. मग आमी आलोय कशाला?"

"साखर खायला."

"बरं, मग अजून चिमूटभर द्या."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो आणि लगेच आत जाऊन ताडपत्री नीट केली. खोलीच्या शेवटच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, तिची कॉट होती. घरातून तेवढी हलवायला आक्कानं मला भाग पाडलं होतं, पण दुसऱ्याच्या घरी जाण्यासाठी मी ती हलवली नव्हती. बाकी प्रत्येक सामानावर मी पिवळ्या रंगानं नंबर घातला आणि खाली 'परत करणे' असं लिहिलं. हिच्यावर ब्रश चालला नाही. हिला नंबर देणं म्हणजे ही इतरांसारखी एक, असं कबूल करणं. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, तिचा आटा गेलाय, बंद आहे.

"मोटारी दुरुस्त करतोस आणि कॉट होईना?" आक्का म्हणायची.

कामाचे नियम मी सोपे ठेवले होते. डिपॉझिट नाही, पावती नाही. सामान घासून परत आणायचं. आणि एक नियम माझ्यासाठी: घरात माणूस गेलं तर तेरावा होईपर्यंत फोन करायचा नाही. बायको गेली तेव्हा ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं दिलेल्या माणसाचा तिसऱ्याच दिवशी फोन आला होता, कधी नेऊ म्हणून. तसलं काही मला करायचं नव्हतं.

उन्हाळ्यात एका दुपारी लासुर्ण्याचा एक माणूस पिकअप घेऊनच आला. ऊस बागायतदार, चाळिशीचा, अंगावर शेतातलेच कपडे. त्याच्या आईचा कॅन्सर हाडांत उतरला होता. त्या दिवशी खोलीतल्या सगळ्या कॉट बाहेर गेलेल्या होत्या. वॉकर होता, तो त्यानं उचलला. मग त्याला ताडपत्रीखालून पाय दिसला.

"ही?"

"बिघडलीय."

"बिघडलेली चालंल, शेठ. भुईवरनं उचलताना आई वरडती. शेजारचं लोक दारात येत्यात."

मला ते ओरडणं माहीत होतं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि प्रत्यक्षात ताडपत्री ओढली. पिकअपमध्ये चढवताना डोक्याकडची बाजू मी धरली, पायाकडची त्यानं. गाडी निघून गेली आणि मी मोकळ्या कोपऱ्याकडे बघत उभा राहिलो. आतून इतकं तुटलं की दुकान तसंच उघडं टाकून मी कालव्याच्या कडेनं चालत सुटलो. तिला दुसऱ्यांदा उचलून बाहेर नेलं होतं, आणि या वेळी खांदा मीच दिला होता.

त्यानंतर मी लासुर्ण्याला जायला लागलो. तिकडं मोटारींची कामं असायचीच. नसली तरी मी ती काढायचो. जाताना तेलाची बुधली घ्यायचो आणि कॉटच्या हँडलला तेल घालायला आलोय म्हणायचो. म्हातारी बारीक झाली होती, पण जीभ शाबूत होती.

"किती त्याल पिती रं ही कॉट," ती एकदा म्हणाली. "आमच्या इंजनाला एवढं लागत न्हवतं."

तिचा हात दांडीवर होता. माझी नजर सारखी तिथं जाते हे तिच्या लक्षात आलं.

"ही पट्टी कुणाच्या लुगड्याची?"

"बायकोच्या."

"गेली?"

"गेली."

तिनं हात काढून घेतला. छातीवर ठेवला. थोड्या वेळानं कूस बदलायची वेळ झाली, तिच्या चेहऱ्यावर कळ दिसायला लागली, तरी ती दांडीला शिवली नाही. "धरू का मग?" तिनं मला विचारलं.

"धरा आजी, धरा."

ती मरत होती, आणि मी तिला नाही, तिच्या हाताखालची पट्टी झिजतेय का हे बघत होतो. हे मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

पावसाळ्याच्या तोंडावर ती गेली. मी मातीला गेलो, सावडायला गेलो, आणि नियमाप्रमाणे कॉटचं नाव काढलं नाही. त्या दिवसांत मी मनाशी एक गोष्ट ठरवून टाकली. कॉट परत आली की ती घरी न्यायची, पुढच्या खोलीत पूर्वी होती तिथं ठेवायची, आणि हे मोफत सामानाचं काम बंद करायचं. बाहेर असलेलं सामान गोळा करून एखाद्या दवाखान्याला द्यायचं. लोकांच्या घरातलं मरण रोज दारात यायला लागलं होतं आणि माझं स्वतःचंच मला उरकलेलं नव्हतं. मी पुढची खोली झाडून घेतली, तो कोपरा फडक्यानं पुसून काढला. कॉटच्या चार पायांचे डाग फरशीवर अजून होते. पुसताना ते मी तेवढे वगळले.

तेराव्यानंतर मी मोकळा पिकअप घेऊन लासुर्ण्याला गेलो. दारातला मांडव सोडायचं काम चाललं होतं. मुलानं डोक्यावरून हात फिरवत मला आत बोलावलं, चहा दिला. भिंतीला वॉकर टेकवून ठेवलेला होता, घासूनपुसून लखलखीत, पिवळा नंबर माझ्याकडे करून.

"हा घ्या शेठ. नेऊन देणारच हुतो."

"आणि कॉट?"

"कॉट तर दिली की."

"कुणाला दिली?"

"शय्यादानात. गुरुजींना."

मला आधी ऐकूनच घेता येईना. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर निजायला मिळावं म्हणून त्याच्या नावानं अंथरूण, पांघरूण, उशी, छत्री, चपला, तांब्या असं गुरुजींना देतात. आमच्याकडे लोक बाजारातून एखादी हलकीशी नवी खाट आणून हे उरकतात. मीही बायकोच्या वेळी तेच केलं होतं.

"नवी का नाही आणली?"

"भाऊबंद म्हणलंच हुतं, नवी आणू. म्याच न्हाय म्हणलं. आईला झोप लागली ती हिच्यावर. नव्या खाटंवर तिला वाटंत झोप लागंल का? आन् तुमी दिलेली. पावती न्हाय, डिपॉझिट न्हाय. वॉकरवर 'परत करणे' हाय, हिच्यावर कायच न्हवतं. म्या भावाला इचारलंसुदिक. त्यो म्हणला, शेठनं आईला दिलीया ती, दिलीया."

मी उठून ओरडलो. काय ओरडलो ते सगळं आठवत नाही. माझ्या बायकोची कॉट होती ती, तुम्ही कोण दान करणारे, असं काहीतरी. आतून बायका दारात आल्या. मांडवाचे बांबू सोडणारी माणसं थांबली. तो मात्र रागावला नाही. त्याचा रंग उतरला. भिंतीवर आईचा हार घातलेला फोटो होता, त्याच्याकडे बघत तो हळू आवाजात म्हणाला, "म्हंजी दान दुसऱ्याच्या वस्तूचं झालं? आईला पोचलंच न्हाय?"

"ते मला काय माहीत!"

"शेठ, याच्यापरीस भारी नवी घिऊन देतो."

"नवी नको. गुरुजींचं घर सांग."

"म्या यीऊ संगं?"

"नको."

निमगाव केतकीला आठवडी बाजार भरलेला. गाडी लांब लावून भाजीच्या पाट्यांमधून वाट काढत मी गुरुजींच्या घरी पोचलो. पन्नाशीचे, अंगात बनियन, हातात नुकताच आणलेला दुधी भोपळा. मी काय झालं ते सांगितलं तसा त्यांनी भोपळा खाली ठेवला.

"कॉट माझ्याकडे नाही हो. शय्यादानाची खाट आमच्या घरात ठेवत नाहीत, वडिलांपासूनची पद्धत आहे. डाळजला एका घरची सून पडून आहे, तिच्याकडे त्याच दिवशी पाठवून दिली. हे एवढं राहिलंय." त्यांनी आत जाऊन काळी छत्री आणि प्लास्टिकच्या पिशवीतल्या चपला आणल्या. "हे तुमचं असेल तर न्या."

"चपला घेऊन मी काय करू?"

"तेही खरं." ते ओशाळले. मग म्हणाले, "पण एक अडचण आहे. दान देताना हातावर पाणी घेऊन 'न मम' म्हणतात. माझी नाही, असं. ज्याची वस्तू त्यानं म्हणायचं. त्या पोरानं म्हटलं, पण वस्तू त्याची नव्हती. तुम्ही कॉट परत नेलीत तर त्याच्या आईचं दान मोडलं. तुम्ही स्वतः पाणी सोडलंत तर पोचलं. त्याचा आत्ता फोन येऊन गेला, रडत होता."

"तुम्हाला हे खरं वाटतं?"

"मला काय वाटतं ते जाऊ द्या. त्याला वाटतं."

त्यांनी विचारलं नाही, पंचपात्री आणली. सवयीनं माझा हात पुढं झाला. पळीभर पाणी तळव्यावर पडलं. ते म्हणाले, म्हणा. मला हात तिरका करून ते ताम्हनात सोडायचं होतं आणि दोन अक्षरं बोलायची होती. मी हात तसाच धरून राहिलो. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, बाहीत गेलं, थेंब थेंब जमिनीवर पडलं. बाहेर कुणीतरी शेवग्याच्या शेंगांचा भाव ओरडत होतं.

"मी आधी कॉट बघतो," मी म्हणालो आणि उठलो.

छत्री आणि चपला त्यांनी माझ्या गाडीत ठेवल्याच. ठेवायला त्यांनाही कुठं जागा नव्हती.

इंदापुरात आक्काच्या घरावरून गेलो, पण उतरलो नाही. हायवेला लागल्यावर तिला फोन लावला.

"कॉट दान केली त्यांनी. आणायला चाललोय."

"आणून?"

"घरी ठेवणार."

"आणि मग तू?"

"मी काय?"

"तेच विचारतेय. मग तू काय करणार?"

मी फोन ठेवला. उत्तर माझ्याकडे होतं. मी काही करणार नव्हतो. कॉटशेजारी बसणार होतो. त्यापलीकडे मला आयुष्याचं काही दिसत नव्हतं, आणि ते दिसत नाही याची भीतीही वाटत नव्हती, हे जास्त वाईट होतं.

गाडी चालवताना मी व्यवहारी तोडगा काढला. आजारी बाईखालून कॉट काढायची नाही. फक्त दांडी काढून आणायची. दोन क्लॅम्प, चार बोल्ट, तेरा नंबरचा पाना. दहा मिनिटांचं काम. कॉट त्यांना, दांडी मला, म्हातारीचं दानही कुणी मोडलं नाही. डाळजचा फाटा येईपर्यंत मला हे इतकं पटलं होतं की मी पाना सीटवर काढूनही ठेवला.

घर वस्तीवर होतं, पत्र्याचं, मागं ऊस आणि त्याच्यापलीकडे धरणाचं पाणी. दारातच एक साठीची बाई अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलवणात उसाची चिपाडं सारत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागच्या गाडीकडे पाहिलं.

"गाडी मोकळी आणलीया," ती म्हणाली. "म्हंजी न्यायलाच आलाय. गुरुजींचा फोन आलता."

"नाही, मी फक्त..."

"फक्त बिक्त न्हाय. मेलेल्या माणसाची कॉट हाय, हे गुरुजींनी मला सांगितलं हुतं. म्या म्हणलं आसू द्या. जितं माणूस भुईवर कुजतंय, मेल्याला काय भ्यायचं? पण दुसऱ्याची, त्याला न इचारता दिलेली, तसली नगं आमाला." आणि दारातून आत ओरडली, "सोड गं ती दांडी. त्यांची हाय."

कॉट दारापाशी लावली होती, पडल्या पडल्या रस्ता दिसावा म्हणून. तीस-बत्तीसची सून. ऊस भरलेल्या ट्रॉलीवरून पडली होती. कमरेखाली काही उरलं नव्हतं. दोन्ही हातांनी तिनं दांडी धरलेली, आणि ती अर्धी वळलेली होती. पाठीवरची मोठी जखम मला तिथूनच दिसली. दांडीचा एक क्लॅम्प ढिला होऊन खाली सरकला होता. तो सुतळीनं बांधला होता. सासू कोपऱ्यातली सतरंजी काढून भुईवर अंथरायला लागली.

सुनेनं दांडी सोडली नाही. "थांबा आत्याबाई," ती दात आवळून म्हणाली. "एवढी कूस बदलू द्या. मग न्या."

सुतळी करकरली. दांडी कलली. सून निसटून पाठीवरच आपटणार होती. माझ्या हातात पाना होता, तो कुठं टाकला ते कळलं नाही. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. हात गेले आणि या वेळी खाली माणूस होतं. ऊब होती, वजन होतं, घामाचा वास होता. मी तिला वळवलं, पाठीला उशी लावली, गुडघ्यांमध्ये घडी केलेलं पांघरूण ठेवलं. सासू सतरंजी हातात धरून बघत राहिली.

"तुमाला येतंय हे," ती म्हणाली.

"येतं."

"कुणाचं करत हुता?"

मी खाली बसून क्लॅम्प बघायला लागलो. बोल्टचा आटा खरोखरच गेला होता. इतके दिवस सांगत होतो तसा. गाडीतून नवे बोल्ट आणले, वायसर आणले, जुने गंजलेले तोडले. हात ग्रीसनं काळे झाले. दांडी काढून न्यायला आलो होतो, ती कॉटला आणखी घट्ट बसवत होतो. त्या वेळी त्याबद्दल काही वाटलं नाही, कारण ढिली दांडी ठेवून कुणीही मेकॅनिक जाणार नाही.

"दादा," सून म्हणाली, "तेवढी चिंधी काढता का? लई वास मारती. म्या म्हणत हुते धुवावी, पर आत्याबाई म्हणल्या, शिवलीया, निघायची न्हाय."

मी शिवली होती ती. टोक सुटू नये म्हणून.

सासूनं न विचारता आपल्या जुन्या लुगड्याचा एक पट्टा टर्रकन फाडून माझ्यापुढं धरला. मी टाके तोडले आणि पट्टी उलगडत गेलो. मोरपंखी रंग वरून काळपट झाला होता, आतल्या वेढ्यांत तसाच होता. नवीन पट्टा गुंडाळताना हाताला वेढे पाठ होते: एका वेढ्याच्या अर्ध्यावर दुसरा, अंगठ्याच्या जागी दुहेरी. सुनेला म्हटलं, आता धरून बघा. तिनं धरलं, ओढलं. दांडी जागची हलली नाही.

"कॉट इथंच राहू द्या," मी सासूला म्हणालो. "आणि हवेची गादी लागेल हिला, नाही तर ती जखम भरणार नाही. परवा आणून देतो. तिच्यावर नंबर असेल, ती परत करायची."

"आन् ही?"

"ही नाही."

तिनं सतरंजी गुंडाळून ठेवली. चहा घ्या म्हणाली, मी नको म्हणालो. बाहेर आलो, पाना शोधला, हात पुसले, गाडीत बसलो. किल्ली फिरवली आणि स्टिअरिंगवर हात ठेवला तेव्हा हात स्वच्छ दिसले. इतके काळे हात मी कशानं पुसले?

चुलवणाशेजारी, चिपाडांच्या ढिगावर मी फडकं फेकलं होतं, मोरपंखी. रोज दुकानात फेकतो तसं. मी दार उघडून पाय खाली टाकला. तेवढ्यात सासू बाहेर आली, वाकली, चिपाडांचा पुंजका उचलून चुलवणात सारला. त्याबरोबर तेही गेलं. ग्रीस होतं, त्यामुळे भुर्रकन पेटलं. तिनं तिकडे पाहिलंही नाही. पाणी तापलं का म्हणून हंड्यात बोट घातलं.

मी किती वेळ तसाच होतो, एक पाय जमिनीवर आणि एक आत, सांगता येणार नाही. मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायला काही कारण उरलं नव्हतं. तिला धरून ठेवायची शेवटची जागा मीच हात पुसून टाकून दिली होती. मला मोकळं वाटलं, असं मी म्हणू शकत नाही.

फोन वाजला. लासुर्ण्याचा मुलगा. मागं बायकांचा आवाज येत होता. बहुतेक सगळे फोनभोवती जमले होते.

"शेठ, कॉट घेतली का?"

"नाही घेतली."

"मग? पाणी सोडलं का तुमी?"

शेजारच्या सीटवर त्याच्या आईची छत्री आणि चपला होत्या. पिशवीत चपलांचे तळवे कोरे दिसत होते.

"पोचलं तुझ्या आईचं," मी म्हणालो.

तो नुसता रडत राहिला, आणि मी फोन कानाला धरून बसलो. घरात सुनेनं बहुतेक पुन्हा कूस बदलली असावी. दांडीचा आवाज आला नाही.